अख्खी इंग्लिश खाडी पोहून गेलेला कॅप्टन वेब शेवटी एका नदीत बुडाला

पट्टीचा पोहणारा बुडतो, असं जुनी माणसं सांगतात. पोरं ऐकतात आणि सोडून देतात. ज्याला पोहता येतं तो कसा काय बुडेल?

तर या म्हणीचं जगातलं सगळ्यात मोठं उदाहरण म्हणजे कॅप्टन मॅथ्यू वेब. इंग्लिश खाडी कुठल्याही साधनाशिवाय पोहून जाणारा हा जगातला पहिला माणूस. १८७५ साली त्यानं हे केलं आणि पुढची ३६ वर्षं दुसऱ्या कुणाला ते जमलं नाही. आणि हाच माणूस वयाच्या ३५ व्या वर्षी, हजारो मैल लांब, एका नदीच्या पाण्यात बुडून मेला. मागे बायको आणि दोन लहान लेकरं राहिली.

पण त्याच्या मरणापेक्षाही एक गोष्ट बघण्यासारखी आहे. वेब समुद्रात का वाचला आणि नदीत का बुडाला? कारण पोहायला तर तो दोन्हीकडे तोच होता.

वेबचा जन्म १९ जानेवारी १८४८ चा. इंग्लंडच्या श्रॉपशायर भागातलं डॉली नावाचं गाव. वडील डॉक्टर, घरात भावंडांची भरपूर फौज. हा भाग कोळसा आणि लोखंडाच्या कारखान्यांचा आणि जवळून वाहणारी नदी म्हणजे सेव्हर्न. याच नदीत वेब लहानपणी पोहायला शिकला.

सेव्हर्न दिसायला शांत, पण आतून ओढ असलेली नदी. एकदा वेबचा धाकटा भाऊ या पाण्यात बुडायला लागला आणि वेबनं त्याला ओढून बाहेर काढलं. तेव्हा तो स्वतः पोरसवदाच होता. घरच्यांनी त्याचं कौतुक केलं असणारच. पण खरं सांगायचं तर तो प्रसंग कौतुकापेक्षा नशिबाचा होता. एक पोरगं दुसऱ्या पोराला वाचवायला उडी मारतं तेव्हा बऱ्याचदा दोन्ही पोरं जातात. आपल्याकडच्या विहिरी, तलाव आणि शेततळ्यांवरच्या किती बातम्यांची सुरुवात याच वाक्यानं होते, ते आठवून बघा.

बाराव्या वर्षी वेबला एचएमएस कॉनवे या जहाजावर पाठवलं. हे जहाज म्हणजे पाण्यावरची शाळाच होती, व्यापारी जहाजांसाठी पोरं तयार करणारी. तिथून तो लिव्हरपूलच्या रॅथबोन कंपनीच्या जहाजांवर लागला आणि पूर्वेकडच्या व्यापारात कलकत्ता, हाँगकाँग अशी बंदरं फिरला. सुएझ कालव्यात जहाजाच्या पंख्यात दोर गुरफटला, तर खाली बुड्या मारून तो सोडवणारा गडी म्हणजे वेब. पाण्याची भीती त्याला माहीतच नव्हती म्हणा ना.

आता त्या काळातली एक गंमत बघा. समुद्रावर राज्य करणाऱ्या इंग्लंडमध्ये बहुतेक लोकांना पोहता येत नव्हतं. कित्येक खलाशांनाही नाही. १७७४ मध्ये लंडनला रॉयल ह्युमेन सोसायटी नावाची संस्था निघाली होती, तिचं कामच मुळी बुडालेल्या माणसाला परत शुद्धीवर कसं आणायचं हे लोकांना शिकवणं आणि जीव वाचवणाऱ्यांना बक्षिसं देणं. म्हणजे माणसं बुडणार हे गृहीत होतं. पोहायला शिकवायला हवं, ही कल्पना नंतरची.

याच संस्थेनं वेबला पहिल्यांदा प्रसिद्धी मिळवून दिली.

झालं असं की १८७३ च्या एप्रिलमध्ये वेब रशिया नावाच्या जहाजावर होता. कनार्ड कंपनीचं हे जहाज अटलांटिकमधून चाललेलं, समुद्र खवळलेला. तेवढ्यात एक खलाशी वरून समुद्रात पडला. वेबनं मागचापुढचा विचार न करता उडी मारली.

जहाज वेगात होतं. ते थांबवायला, बोट खाली सोडायला आणि मागे यायला वेळ लागला. वेब अर्ध्या तासाहून जास्त वेळ त्या गार पाण्यात लाटांवर तरंगत राहिला. बोटीनं त्याला उचललं तेव्हा तो थंडीनं अर्धमेला झाला होता. ज्याच्यासाठी उडी मारली तो खलाशी मात्र सापडलाच नाही.

प्रवाशांनी वर्गणी काढून वेबला १०० पौंड दिले. रॉयल ह्युमेन सोसायटीनं त्याच वर्षी सुरू झालेलं स्टॅनहोप सुवर्णपदक त्याला दिलं, ते मिळवणारा तो पहिलाच. इंग्लंडभर नाव झालं.

त्याच्या धाडसाबद्दल शंका नाही. पण जीवरक्षणाचं आजचं शिक्षण या प्रसंगाकडे वेगळ्या नजरेनं बघतं. जगातला सर्वात दमदार पोहणारा पाण्यात उतरला, तरी बुडणारा वाचला नाही, आणि बोट आली नसती तर वाचवणाराही गेला असता. म्हणून आज जीवरक्षकांना शिकवतात ते उलटं असतं. आधी ओरडून माणसं गोळा करा. मग काठावरून काठी, बांबू, ओढणी, साडी, जे हाताला लागेल ते पुढे करा. लांब असेल तर दोर, हवा भरलेली ट्यूब किंवा झाकण घट्ट लावलेला रिकामा कॅन फेका. पाण्यात उतरणं हा शेवटचा मार्ग, आणि तोही प्रशिक्षण असलेल्याचा. घाबरलेला माणूस समोर येईल त्याला मिठी मारतो आणि त्याच्यावर चढून श्वास घ्यायला बघतो. त्याचा यात काही दोष नसतो, शरीरच तसं वागतं.

इकडे वेबच्या डोक्यात वेगळंच वेड शिरलं. तो तेव्हा एमराल्ड नावाच्या जहाजाचा कप्तान झाला होता. त्याच्या वाचनात आलं की जे. बी. जॉन्सन नावाच्या एकानं इंग्लिश खाडी पोहायचा प्रयत्न केला आणि तासाभरात माघार घेतली. वेबनं नोकरी सोडली आणि सराव सुरू केला. लॅम्बेथचे हौद, थेम्स नदी आणि मग समुद्र.

१८७५ च्या मे महिन्यात पॉल बॉयटन नावाच्या अमेरिकनानं खाडी पार करून दाखवली, पण हवा भरलेला रबरी पोशाख घालून आणि हातात वल्हं घेऊन. वेबला तसं नको होतं. अंगावर काही नाही, आधाराला काही नाही.

१२ ऑगस्ट १८७५ ला तो डोव्हरहून निघाला. वारा वाढला, समुद्र बिघडला, वेब मार्गापासून लांब वाहत गेला. साडेसहा तासांच्या वर पोहल्यावर त्यानं मोहीम थांबवली आणि तो बोटीत चढला.

वेबच्या चरित्रांत या दिवसाला एखादी ओळ मिळते. खरं तर पानभर मिळायला हवी होती. सगळा देश बघत असताना, वर्तमानपत्रवाले बोटीत बसलेले असताना, आज पाणी आपलं नाही हे कबूल करून बाहेर येणं सोपं नसतं. धबधब्याखाली उभं राहून मित्रांच्या मोबाइलकडे बघणाऱ्या कुणालाही हे विचारा.

बारा दिवसांनी तो परत आला. २४ ऑगस्टला दुपारी एकच्या सुमारास डोव्हरच्या ॲडमिरल्टी धक्क्यावरून त्यानं उडी टाकली. अंगाला डॉल्फिनसारख्या दिसणाऱ्या पॉरपॉइज या सागरी प्राण्याचं तेल चोपडलेलं. पोहायची पद्धत साधी, बेडकासारखी. आज स्पर्धेत जिला ब्रेस्टस्ट्रोक म्हणतात ती.

डोव्हर ते फ्रान्सचा किनारा सरळ रेषेत ३४ किलोमीटरच्या आसपास आहे. पण खाडीतलं पाणी सरळ वागत नाही. भरती-ओहोटीचा प्रवाह साधारण दर सहा तासांनी दिशा बदलतो आणि पोहणाऱ्याला कधी इकडे, कधी तिकडे ढकलत नेतो. त्यामुळे वेबचा मार्ग नागमोडी झाला आणि अंतर ६० किलोमीटरच्या वर गेलं.

रात्री जेलीफिशनं दंश केला. त्यानं थोडी ब्रँडी मागून घेतली आणि पुढे निघाला. कधी कॉफी, कधी गोमांसाचं गरम सार. (ब्रँडीचं मात्र अनुकरण नको. दारूनं ऊब आल्यासारखं वाटतं खरं, पण कातडीकडे रक्त धावतं आणि अंगातली उष्णता उलट लवकर निघून जाते. शिवाय अंदाज चुकतो तो वेगळाच.)

पहाटे फ्रान्सचा किनारा दिसायला लागला आणि तिथेच घात झाला. ग्री-ने भूशिराजवळ प्रवाहानं त्याला अडवून धरलं. जमीन समोर, पण हात मारतोय तरी ती जवळ येईना. जवळपास पाच तास हे चाललं. शेवटी २५ ऑगस्टला सकाळी पावणेअकराच्या सुमारास तो कॅलेच्या वाळूवर उभा राहिला. एकूण वेळ २१ तास ४५ मिनिटं.

या २१ तास ४५ मिनिटांत एक क्षणही असा नव्हता की वेबवर कुणाची नजर नाही. शेजारी शिडाची होडी होती, लहान बोटी होत्या. त्यातल्या माणसांना दुसरं काही काम नव्हतं, पाण्यातल्या त्या डोक्याकडे बघत राहायचं. काही मागितलं तर द्यायचं, बिघडलं तर उचलून घ्यायचं. प्रवाहाचा हिशेब आधी केलेला. त्यामुळे वरून वेडेपणा वाटणारी ही मोहीम आतून चांगलीच सावध होती. आजही खाडी पोहणाऱ्या प्रत्येकासोबत बोट असावीच लागते, त्याशिवाय तो विक्रम धरलाच जात नाही.

आता हेच एखाद्या रिसॉर्टच्या तलावाशेजारी बघा. दहा मोठी माणसं खुर्च्यांवर, चार पोरं पाण्यात आणि प्रत्येकाला वाटतंय दुसरा बघतोय. सिनेमात बुडणारा माणूस हात वर करून आरडाओरडा करतो. खऱ्या आयुष्यात तसं क्वचितच होतं. तोंड पाण्याच्या पातळीला आलेलं असतं, श्वास घ्यायलाच वेळ पुरत नाही तर ओरडणार कुठून? हात हलवण्याऐवजी ते आपोआप बाजूला पसरून पाणी खाली दाबत राहतात. लहान मूल मिनिटाच्या आत, आवाज न करता खाली जातं. अगदी लहानग्याला तर तलावही लागत नाही, बादली किंवा न्हाणीघरातला हौद पुरतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या आकडेवारीनुसार २०२१ मध्ये जगभरात साधारण ३ लाख माणसं बुडून मेली आणि त्यातली जवळपास पाव भाग पाच वर्षांखालची मुलं होती. म्हणून कुटुंबासोबत पाण्यावर जाताना एका मोठ्या माणसाकडे नाव घेऊन काम द्यावं लागतं. मोबाइल खिशात, नजर पाण्यात, आणि लहान मूल हाताच्या अंतरावर. थोड्या वेळानं दुसऱ्यानं पाळी घ्यायची. वेबच्या बोटीतली माणसं हेच तर करत होती.

असो. कॅलेहून परतलेला वेब देशाचा हिरो झाला. त्याच्यासाठी निधी जमला, मिरवणुका निघाल्या. गावी परतला तेव्हा बँड बघायला एक डुक्करही भिंतीवर पुढचे पाय टेकून उभं राहिलं, असा किस्सा तिकडचे लोक अजून सांगतात. पोहण्यावर त्याचं पुस्तक निघालं. मिशीवाल्या वेबचं चित्र काड्यापेटीवर आलं आणि घराघरांत पोचलं. पोहायला शिकायची इंग्लंडमध्ये लाटच आली.

या लाटेला तीन वर्षांनी एक भयंकर कारणही मिळालं. ३ सप्टेंबर १८७८ ला प्रिन्सेस ॲलिस ही सहलीची आगबोट लंडनजवळ थेम्समध्ये दुसऱ्या जहाजाला धडकून बुडाली. दिवसभराची सहल करून परतणारी कुटुंबं होती, बायका-पोरं होती. ६०० हून जास्त लोक गेले. किनारा दिसत होता, पण पोहता येणारे फार थोडे, आणि बायकांच्या अंगावर घोळदार, भिजून जड होणारे कपडे. बायकांनी आणि मुलांनीही पोहायला शिकलं पाहिजे, हे त्यानंतर लोक उघडपणे बोलू लागले.

वेबचं मात्र वेगळंच होऊन बसलं. कौतुकावर घर चालत नाही. आज खेळाडूला जाहिरात, नोकरी, कोचिंग असं काहीतरी मिळतं. तेव्हा पोहणाऱ्यानं पोट भरायचं तर तमाशा करायचा, एवढाच रस्ता. वेब शर्यती पोहला, पैजा लावल्या. मत्स्यालयाच्या टाकीत ६० तास तरंगून दाखवलं. १८८२ मध्ये अमेरिकेत बॉस्टनला तिकीट लावून तो १२८ तासांहून जास्त वेळ टाकीत राहिला. मधल्या काळात, १८८० मध्ये, लग्न झालं, दोन मुलं झाली. खर्च वाढत होते आणि तब्येत उतरत चालली होती. खाडी पोहणारा वेब आता राहिला नव्हता आणि हे जवळच्यांना दिसत होतं.

मग त्यानं नायगारा निवडला.

नायगारा म्हटलं की धबधबा आठवतो. वेबला धबधब्यावरून उडी मारायची नव्हती. धबधब्याच्या खाली काही किलोमीटरवर नदी एका अरुंद घळीत शिरते. तिथं पाणी उसळत, फुटत धावतं आणि पुढे एका प्रचंड भोवऱ्यात गोल फिरतं. हा पट्टा वेब पोहून जाणार होता. रेल्वे कंपन्या प्रेक्षक आणतील आणि त्यातून मोठी रक्कम मिळेल, हा हिशेब. प्रत्यक्षात पैसे द्यायला कुणी पुढे आलं नाही. अनेकांनी सांगितलं की ही सरळ आत्महत्या आहे.

तरीही २४ जुलै १८८३ ला दुपारी चार वाजून गेल्यावर एका नावाड्यानं त्याला झुलत्या रेल्वे पुलाजवळ नदीच्या मधोमध नेलं. वेबनं उडी मारली. नावाडी मागे फिरला. त्याला फिरावंच लागलं, कारण पुढे कुठलीही होडी टिकणार नव्हती.

काठावरच्या लोकांना वेब पहिल्या लाटांत दिसत होता. वर येत होता, पुन्हा गडप होत होता. उसळत्या पाण्याचा पहिला भाग त्यानं पार केला असावा, असं त्या वेळच्या हकिकती सांगतात. भोवऱ्याच्या तोंडाजवळ तो दिसेनासा झाला. चार दिवसांनी बऱ्याच खाली त्याचा मृतदेह मिळाला. तपासणाऱ्या डॉक्टरांचं मत पडलं की पाण्याच्या प्रचंड दाबानं त्याचा श्वासच बंद पडला असावा.

दम कमी पडला का? तसा हिशेबच नाही तो. आज पोहण्याच्या तलावात जगातला सगळ्यात वेगवान माणूस ५० मीटरच्या शर्यतीत सेकंदाला अडीच मीटरच्या आसपासच राहतो. नायगाराच्या त्या पट्ट्यात पाण्याचा वेग सेकंदाला ९ मीटरपर्यंत जातो. अशा पाण्यात माणूस पोहत नाही, पाणी त्याला नेतं. दुसरी गोष्ट फेसाची. पांढरं, फेसाळ पाणी म्हणजे पाण्यात मिसळलेली हवा, आणि हवेचे बुडबुडे माणसाला तोलून धरत नाहीत. ज्या पाण्यात वेब १२८ तास तरंगला ते वेगळं आणि हे वेगळं. भोवरा तर वरून खाली खेचतो.

पावसाळ्यात सह्याद्रीतल्या ओढ्या-धबधब्यांचं गणित हेच असतं, फक्त आकार लहान. गुडघाभर पाण्यात उभं आहोत म्हणून माणूस निवांत असतो. वर डोंगरात सर येते, पाणी गढूळ होतं, काड्या-पाचोळा वाहून यायला लागतो, आवाज बदलतो. तेव्हा लगेच काठावर आलं नाही तर पाय उचलायलाही वाव राहत नाही. ३० जून २०२४ ला लोणावळ्यात भुशी धरणाच्या मागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातली पाच माणसं वाहून गेली. तो व्हिडिओ लाखो लोकांनी पाहिला. त्यात काठावर माणसं होती, पण जवळ जाणं कुणालाच शक्य नव्हतं. नायगाराच्या काठावरही तेच झालं होतं.

वेबला नायगारा फॉल्सच्या ओकवूड दफनभूमीत पुरलं. इंग्लंडमध्ये हळहळ झाली आणि या मरणाला पैसे देऊन तमाशा बघणारे आपणही जबाबदार आहोत का, अशीही चर्चा झाली.

१९११ मध्ये थॉमस विल्यम बर्जेस नावाच्या इंग्रजानं खाडी पार केली, वेबनंतरचा तो पहिलाच. त्याआधी त्याचेही कित्येक प्रयत्न फसले होते. प्रत्येक वेळी तो बोटीत चढला, घरी गेला आणि पुन्हा आला.

डॉली गावात वेबचं स्मारक १९०९ साली उभं राहिलं. त्याचं अनावरण त्याच्या भावानं केलं.